खाली जाणाऱ्याची शाल

सोपानचं मंचरला पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान होतं, पण कोणी ओळख विचारली की तो आधी 'फुटबॉलचा सेक्रेटरी' म्हणायचा. पिंपरीच्या कारखान्यात असताना तो कंपनीच्या टीमचा राखीव गोलकीपर होता. तीन वर्षांत एकदाच मैदानात उतरला आणि त्याच सामन्यात कंपनी खालच्या डिव्हिजनला गेली. एवढा तपशील मात्र त्याने गावात कोणाला सांगितला नव्हता.

१९९७ साली कांदा काढून वावरं रिकामी झाली, तसे त्याने आठ गावांचे संघ गोळा केले आणि नियम लिहून काढले. चार गावं वरच्या गटात, चार खालच्या. दर साली वरच्यातला शेवटचा खाली जाणार आणि खालच्यातला पहिला त्याची जागा घेणार. वरच्या गटाच्या सामन्यांना लाउडस्पीकर, खालच्याला नाही. आपलं अवसरी बुद्रुक त्याने पुष्कळ विचार करून वरच्या गटात घातलं होतं.

पहिल्याच साली वरच्या गटात आणे गाव शेवटी आलं. त्यांचा कप्तान बहिरू पठारावरून थेट दुकानात येऊन उभा राहिला.

"आमी हरलो, मान्य हाय. पण खाली घालायचं म्हंजी काय राव? गावाला वाळीत टाकताय का?"

सोपानला नियम मोडवेना आणि आणेही सोडवेना. शेवटी त्याने तोडगा काढला. बदली झालेल्या मास्तरलाही आपल्याकडे सत्काराशिवाय कोणी जाऊ देत नाही. मग खाली जाणाऱ्या संघालाही शाल आणि श्रीफळ. सत्काराच्या दिवशी लाउडस्पीकरवर तो वीस मिनिटं बोलला. खाली जाणं हा अपमान नव्हे, हे त्याने चार वेळा सांगितलं. बहिरू शाल पांघरून मान खाली घालून उभा होता. सोपानला वाटलं, गडी भारावलाय.

दुसऱ्या साली मढ खाली गेलं आणि आणे खालचा गट जिंकून वर आलं. तिसऱ्या साली शेवटचा सामना अवसरी आणि आणे यांच्यात होता. हरलं तर अवसरी खाली, बरोबरी झाली तरी आणे खाली. अवसरीचा गोलकीपर सोपानच होता, कारण संघ निवडायलाही तोच होता.

दोन मिनिटं उरली, गोल एकही नाही. बहिरूने लांबून मारलेला चेंडू इतका सावकाश आला की सोपानला विचार करायला वेळ मिळाला आणि तिथेच घोटाळा झाला. चेंडू दोन पायांमधून मागे गेला. सोपानने वळून झडप घातली आणि तो पोटाखाली दाबला. सगळीकडे धुरळा.

पंच म्हणून आलेले शाळेचे पीटीचे सर धापा टाकत आले. "मला दिसलं नाही, सोपानराव. तुम्हीच सांगा, रेघ ओलांडली का?"

सोपानने हळूच अंगाखाली पाहिलं. फक्कीच्या रेघेपलीकडे चेंडू चांगला वीतभर गेला होता. जरा कूस बदलली असती तर रेघ पुसली गेली असती. मागे गावची माणसं श्वास रोखून उभी होती. 'नाही' म्हणायला त्याने तोंड उघडलंसुद्धा, पण त्याला आपली ती वीस मिनिटं आठवली. एवढं बोलून बसल्यावर खोटं बोलायची त्याला लाज वाटली.

"गोल हाय," तो म्हणाला.

सत्काराला शाल आणायचीच राहिली होती. ती आपल्याला लागेल असं सेक्रेटरीच्या डोक्यातही आलं नव्हतं. तेव्हा बहिरूने पिशवीतून पहिल्या सालच्या सत्काराची शाल काढली.

"आमीच परत खाली जातो का काय, म्हनून बरूबर आनली व्हती," तो म्हणाला. मग लाउडस्पीकरवाल्याकडे वळला. "ह्यो बंद कर आधी."

आवाज बंद झाल्यावर त्याने सोपानच्या खांद्यावर शाल घातली. सोपानची मान आपोआप खाली गेली. बहिरू तेव्हा भारावला नव्हता, हे त्याला आता कळलं.

"लई उकडतं रं ह्यात," तो पुटपुटला.

"व्हय," बहिरू म्हणाला. "एक साल उकडतं."