रेणुकादास सरांचा काटकोन

वाळूचा ट्रॅक्टर आमच्या गल्लीत शिरला की कुणी "कुणाकडं?" म्हणून विचारत नसे. शाळेत न जाणारी पोरंसुद्धा सांगायची, "गणिताच्या सरांकडं."

रेणुकादास सरांनी जन्मभर भूमिती शिकवली. निम्म्या चाकूर तालुक्याला प्रमेयांची धास्ती त्यांनीच बसवली. शहाणी माणसं निवृत्त झाली की लातूरला फ्लॅट घेतात. सरांनी आमच्या गल्लीतलं जुनं दगडमातीचं घर घेतलं. भूकंपाच्या साली ते एका अंगाला जरासं टेकलं होतं आणि पुढं तसंच टेकून राहिलं, जेवण झाल्यावर माणूस लोडाला टेकतो तसं. बाकी घर झकास. हवा भरपूर, उजेड भरपूर. खोट एकच. अख्ख्या घरात काटकोन म्हणून नव्हता.

राहायला आले त्या दिवशी दूध तापायला ठेवून सरांच्या मंडळी, विमलकाकू, गॅसपाशी उभ्या होत्या. सरांनी माजघरात मधोमध बसून खिशातनं गोटी काढली आणि फरशीवर ठेवली. गोटीनं जरा विचार केला आणि निघाली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला एका बाजूला खाच होती, तिच्यातून शिस्तीत आत गेली आणि ओट्याखाली, काकूंच्या पायापाशी जाऊन थांबली.

"बघितलंस? उतार आहे!" सर हादरले होते.

"असू द्या की. घरातलं कुणीही असलं तरी शेवटी स्वयंपाकघरातच येतं. गोटीला कळतंय, तुम्हाला कळंना."

दूध उतू गेलं आणि तेवढ्यावरच गृहप्रवेश झाला. वास्तुशांती राहिली.

काकूंना खरं म्हणजे तीच हवी होती. सरांच्या बदल्यांमागं त्यांचा सगळा संसार भाड्याच्या घरांत झालेला. जळकोट झालं, उदगीर झालं, निलंगा झालं. प्रत्येक गावात दुसऱ्यांच्या वास्तुशांतीला जाऊन त्या ओटी भरून आल्या. मिळालेल्या ब्लाउजपिसांच्या गोधड्या शिवल्या, तरी गठ्ठा संपेना. आता एकदा आपल्या घरात नवऱ्याशेजारी पाटावर बसायचं. तो होमात तूप सोडेल तेव्हा त्याच्या हाताला हात लावायचा. मग आल्यागेल्या बायांना आपण ब्लाउजपीस द्यायचे. एवढंच. त्यासाठी एक आमसुली साडी घेऊन कपाटात ठेवलेली होती. गल्लीतल्या प्रत्येक बाईनं ती हात लावून बघितलेली होती.

सरांची ना नव्हती. फक्त ते म्हणायचे, "उत्तर बरोबर आल्याशिवाय त्याच्याभोवती चौकट करू नये. आधी घर काटकोनात येऊ दे."

मग दोघांनी मिळून घर दुरुस्तीला काढलं. मिस्त्री मिळाला उदगीरकडचा, गुरुपादप्पा. त्याचा सगळा कारभार नजरेवर. एक डोळा मिटून भिंतीकडं बघायचा, तंबाखूची गोळी गालात सरकवायचा आणि म्हणायचा, "बरोबर हाय." सर लगेच ओळंबा सोडायचे. ओळंबा एकीकडं, भिंत दुसरीकडं.

"सर, घर हाय हे, कंपासपेटी न्हाई," गुरुपादप्पा कळवळून म्हणायचा.

"पाडा," सर म्हणायचे.

भिंत एकदा पडली, दुसऱ्यांदा पडली. स्वयंपाकघरात टाइल्स बसल्या, तर भिंतीच्या कडेला पाचरीसारखे तिरके तुकडे भरावे लागले. सरांना त्या तुकड्यांकडं बघून जेवण जाईना. टाइल्स उखडल्या. गिलाव्यावर मारायला पाणी कुठून आणायचं? आमच्याकडं नळ येणं हाच एक सण. काकू तांदूळ धुतलेलं पाणी, भाजीचं पाणी, सरांच्या आंघोळीचं पाणी, सगळं बादलीत साठवायच्या आणि पदर खोचून भिंतीवर मारायच्या. सांगायच्या, "आमचं घर साबणानं न्हालंय, लोकांची नुसतीच भिजतात."

रंगावरून दोघांचं जे भांडण झालं ते ऐकायला गल्लीनं टीव्ही बंद केले होते.

"पांढरा. स्वच्छ. खडूसारखा," सर.

"दवाखान्यात राहायचंय का मला? पिस्ता."

"पिस्ता हा रंग नाही, तो खायचा पदार्थ आहे."

"मग खडू तरी काय आहे? तुमच्या वर्गातली पोरं तोच खायची."

पिस्ता ठरला. छत तेवढं सरांना खडूसारखं मिळालं. मजुराच्या हातावर भरवसा नव्हता, म्हणून भिंती दोघांनीच रंगवायला घेतल्या. सरांचा ब्रश पट्टीनं आखल्यासारखा वर-खाली चालायचा आणि काकूंचा सारवल्यासारखा गोल. काही दिवसांनी काकूंना उभं राहवेना. त्या पालथ्या डब्यावर बसून खालची अर्धी भिंत रंगवायला लागल्या. वरची अर्धी सरांची. आजही उन्हं तिरकी आली की भिंतीवर दोन हात वेगवेगळे दिसतात.

काकूंचे पाय सुजायला लागले होते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला दोनदा ठेच लागली, तर सरांनी उंबराच काढून टाकला. शास्त्रात बसतं का, कुणाला विचारलंसुद्धा नाही. असा नवरा. बायकोसाठी घराचा उंबरा काढणारा. पण तारीख काढा म्हटलं की लेव्हल बघायची पाणसळ घेऊन फरशीवर ओणवा होणारा.

एका दुपारी काकू डब्यावर बसून धापा टाकत होत्या. गुरुपादप्पा चहाला बसला होता. काकू म्हणाल्या, "अहो, एक विचारू? घर सरळ व्हायच्या आधी मीच आडवी झाले तर?"

गुरुपादप्पाला हसू फुटलं. मग त्यानं सरांच्या तोंडाकडं बघितलं आणि बशीतला चहा तसाच खाली ठेवला.

"काहीतरी बोलू नकोस," सर म्हणाले. "माजघराची एवढी फरशी लेव्हलला आली की झालं. मग तू म्हणशील ती तारीख."

आणि दुसऱ्या दिवशी माजघराची फरशी उखडली.

तिथं नुसती माती उघडी पडलेली असतानाच काकूंना दम लागला तो थांबेना. हृदय थकलं होतं. घराचं सगळं काम अंगावर घेतलेल्या बाईचं थकणारच. सरांनी त्यांना नांदेडला नेलं. मुलगी राजश्री तिथंच दिलेली. तिसऱ्या मजल्यावरच्या खाटेवरनं काकू म्हणाल्या, "आता राहू द्या हो वाकडं. तारीख काढा."

सरांनी तिथल्या तिथं गुरुपादप्पाला फोन लावला.

"फरशी बसवून टाका. आहे तशी. लेव्हल बघू नका."

मग गुरुपादप्पा म्हणाला, "सर, तब्येत बरी हाय न्हवं?"

"माझी बरी आहे," सर म्हणाले.

तारीख निघाली. नातेवाइकांना फोन गेले. काकू खाटेवर पडून राजश्रीला ब्लाउजपिसांचे रंग सांगत होत्या. जाडेभरडे कुणाला द्यायचे नाहीत, आपल्याला मिळाले तेव्हा आपण काय काय बोललो ते लक्षात आहे, असंही म्हणाल्या. नर्सलासुद्धा आमंत्रण दिलं.

तारखेच्या आधीच काकू गेल्या.

ॲम्ब्युलन्स गल्लीत आली तेव्हा माजघराची फरशी नुकतीच बसली होती, सिमेंट ओलं होतं. गुरुपादप्पा दारात आडवा उभा. "पाय ठिवू नका... हालंल..." एवढं म्हणाला आणि काय बोललो ते कळून मटकन खाली बसला. काकूंना अंगणातच ठेवलं. सवाष्ण गेली म्हणून हिरवी साडी आणायला माणूस निघाला होता. सर म्हणाले, "कपाटात आहे. आमसुली." बायांनी ती साडी बाहेर आणली. पुन्हा प्रत्येकीचा हात तिला लागला.

त्यानंतर वर्षभर आमच्या गल्लीत ट्रॅक्टर आला नाही. ओळंबा खिळ्याला टांगलेला असायचा. आम्ही गेलो की सर म्हणायचे, "बसा." इतकंच.

वर्षश्राद्ध झाल्यावर राजश्रीनं हट्ट धरला. आईची इच्छा राहिली, ती पुरी करू. पूजेला आला अंबरीश गुरुजी. हा सरांचाच विद्यार्थी, भूमितीत गचकलेला, म्हणून याज्ञिकीकडं गेलेला. होमकुंड माजघरात मांडलं, सर पाटावर बसले. पाहुणे दाटीवाटीनं उभे. अंबरीशनं एक सुपारी पुढं केली आणि नजर चुकवत म्हणाला, "सर, ही कंबरेला खोचायची. पत्नीच्या जागी."

सरांनी सुपारी हातात घेतली. उलटसुलट करून बघितली.

"अंबरीश, ती बाई कधी माझ्या कंबरेला लोंबकळत आली का रे? मीच जन्मभर तिच्या पदराला होतो. तिला पाट मांड."

"सर, शास्त्रात..."

"तुला प्रमेय तरी कुठं पाठ होतं? मांड पाट."

शेजारी दुसरा पाट मांडला गेला. सरांनी सुपारी त्याच्या मधोमध ठेवली. अंबरीश तिच्याखाली घालायला मूठभर तांदूळ घेतच होता, तेवढ्यात ती हलली. पाटावरून टक्कन खाली पडली आणि नव्या फरशीवरून निघाली. गोल, गरगरीत सुपारी. आता वाटेत उंबराही नव्हता. बायांनी पाय मागं घेतले. सुपारी स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याखाली, पहिल्या दिवशी गोटी थांबली होती त्याच जागी थांबली.

दारातला गुरुपादप्पा हात जोडून पुढं आला. "सर, माफ करा. तुम्हीच म्हणालाव लेव्हल बघू नका..."

"फरशीला हात लावायचा नाही," सर म्हणाले. "कुणीही."

ते उठले. गुडघे कटकन वाजले. दोन्ही पाट काखेत मारले आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्यापाशी मांडले.

"पूजा इथं घे."

"सर, इथं होम? सगळं छत काळं होईल," अंबरीश म्हणाला.

"होऊ दे. ती इथं येऊन बसलीय, मी तिकडं एकटा काय करू?"

होमकुंड आत आणलं. आम्ही दाराशी गर्दी करून उभे राहिलो. धूर सरळ त्या खडूसारख्या छताला जाऊन भिडला. राजश्री ब्लाउजपिसांचं ताट मांडीवर घेऊन भिंतीला टेकली होती, खालच्या अर्ध्या भिंतीला.

अंबरीश "स्वाहा" म्हणायचा, सर पळीत तूप घ्यायचे. पण हात लगेच पुढं जायचा नाही. कोपर जरासं बाजूला काढून ते क्षणभर थांबायचे, शेजारून हात लागायचा असतो तसे. मग तूप सोडायचे. प्रत्येक आहुतीला. अंबरीशनं एकदाही घाई केली नाही.