एव्हर्टचं नाक

आमच्या शिकारी मंडळात बंदूक सगळ्यांकडे होती, नाक मात्र एकट्या एव्हर्टलाच होतं. सप्टेंबरच्या अखेरीस मूस या थोराड हरणांचे नर माजावर येतात, स्वतःच्याच मुतात लोळतात, मांसाला दर्प चढतो, आणि मग तो घोड्याएवढा ऐवज घरी न्यायचा की कुत्र्यांना घालायचा, असा पेच पडतो. निकाल एव्हर्टचा. मानेचा तुकडा तव्यावर लोण्यात पडे, तो डोळे मिटून वाकून वास घेई, आणि आम्ही शाळेतल्या पोरांसारखे गप्प. आमचा म्होरक्या सिक्स्टन एकदा छाती फुगवून सांगत होता, की एका गोळीत जागीच आडवा केला. एव्हर्टने वास घेतला आणि म्हणाला, "हा गोळी लागून डोंगरभर पळालाय." सिक्स्टन त्या दिवशी लवकर घरी गेला.

तवा आणायची त्याची बायको गुन्नेल. नवऱ्याचं कौतुक तिला बघवत नसे. ती म्हणायची, "घरी या नाकाला स्वतःचे मोजे कळत नाहीत."

मार्चमध्ये गुन्नेल गेली. उन्हाळ्यात मी एव्हर्टकडे गेलो, तर पायरीवरच्या बादलीत एक मासा सडून पडला होता. माझे डोळे चुरचुरले. हा बादलीला टेकून निवांत पाव खात होता.

मी मंडळात सांगितलं. कुणीतरी त्याच्याशी बोलायला हवं, यावर सगळ्यांचं एकमत झालं, आणि त्या कुणीतरीला सोडून बाकी सगळे तिथे हजर होते. शेवटी सिक्स्टनच म्हणाला, "बायको गेली. आता त्याचं नाकही आपण काढून घ्यायचं?"

विषय तिथेच संपला.

पुढे व्हायचं तेच झालं. त्या शरद ऋतूतल्या पहिल्याच नराला असा दर्प होता, की सोलणाऱ्याने तोंडाला मफलर बांधला. एव्हर्ट गुन्नेलचा तवा घेऊन आला, वाकला, बराच वेळ वाकून राहिला.

"उत्तम. माजाला अजून अवकाश आहे."

आम्ही आपापले बूट न्याहाळले. सिक्स्टन म्हणाला, "मग वाटे घाला."

मंडळाच्या जेवणाला तेच मांस शिजलं. बटाटे होते, लिंगनबेरीचा मुरंबा होता. इतका मुरंबा त्या गावाने कधी खाल्ला नसेल. मी घास चावत नव्हतो, पाण्याबरोबर ढकलत होतो. एव्हर्टने विचारलं, कसं झालंय. सगळे एका सुरात छान म्हणाले. खूश होऊन त्याने एक तुकडा टेबलाखाली आपल्या टुसापुढे धरला. ही कुत्री पाद्र्याचा हातमोजा खाऊन मोकळी झालेली. तिने हुंगलं, त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

एव्हर्टने हात तसाच धरून ठेवला. मग एकेकाच्या ताटाकडे बघितलं, मुरंब्याच्या रिकाम्या बरण्यांकडे बघितलं आणि टोपी घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात आला. कालचं काढेल, शिव्या देईल, म्हणून मी तयार होतो. त्याने कोटाच्या आतून गुन्नेलचा निळा लोकरी स्वेटर काढला.

"ती गेली त्याच आठवड्यात ताप आला आणि माझं नाक मेलं," तो म्हणाला. "हा मी धुतलेला नाही. उशीपाशी घेऊन निजतो. रोज वाटतं, आज येईल वास. तुझं नाक चालतं. ती आहे का यात अजून?"

मी हात पुढे केला. त्याने स्वेटर क्षणभर सोडला नाही.

"कालच्या मांसासारखं सांगू नकोस."

मी लोकरीत तोंड खुपसलं. गुन्नेलला वेलचीच्या पावांचा आणि लाकडी राखेचा वास असायचा. मी बाही हुंगली, गळा हुंगला, काखेची शिवण उलटून हुंगली. तंबाखू होती. टुसा होती. त्याचा घाम होता.

"नाही, एव्हर्ट," मी म्हणालो. "सगळा तुझाच वास आहे."

त्याने मान हलवली. स्वेटरची बाही बाहीवर ठेवून, गुन्नेलच्या पद्धतीने नीट घडी घातली.

"मग आता धुवायला हरकत नाही," तो म्हणाला, आणि घडी परत कोटाच्या आत ठेवली.