गोळी चालू असताना आलेला मोहाचा वास

नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली, या ग्रुपवर मी नुसता वाचतो. लिहायची हिंमत आज केली... आठवीत शाळा सोडलेला माणूस आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. आणि आधीच सांगतो — अंगात येणं, देवी बोलणं यातलं मी काही मानत नव्हतो. उलट आमच्या घरातलं ते बंद करणारा मीच.

मी चाकणला एका कंपनीत पॅकिंगला आहे. गाव आसगाव, तालुका पवनी, जिल्हा भंडारा. घरी माय, दादा आणि वैनी. वैनी लग्न होऊन आली तेव्हा मी दहा वर्षांचा. माय दिवसभर शेतावर, म्हणून मला न्हाऊ-खाऊ घालणं, शाळेत मार खाल्ला तर मास्तरांशी भांडणं, सगळं वैनीने केलं. तिचे उपकार माझ्याने या जन्मात फिटायचे नाहीत.

या वैनीच्या अंगात यायचं. आधी तिला मोहफुलांचा वास यायचा, मोसम असो की नसो. चेहरा असा उजळायचा की बघणाऱ्याला रडू फुटावं. "आली वो, आली," म्हणायची आणि पडायची. हातपाय ताठ, तोंडाला फेस. बाया ओटी भरायच्या, प्रश्न विचारायच्या. एकदा धानाची रोवणी करताना बांधीतच, म्हणजे पाणी भरलेल्या खाचरातच, आलं. पालथी पडली, वीतभर पाणी, नाकातोंडात चिखल... शेजारच्या शेवंताकाकूने केसाला धरून ओढली म्हणून वाचली. तेव्हापासून बायांनी नियमच केला — वैनी "वास" म्हणाली की हातातलं टाकायचं, तिला मधे घ्यायचं आणि सगळ्यांनी तलावाच्या पाळीवर, वरच्या कोरड्या बांधावर, चढायचं. बाया म्हणायच्या, देवीसमोर चिखलात उभं राहू नये. मी म्हणायचो, ती बुडू नये.

मग कंपनीत माझ्या लाईनवरचा एक जण अगदी तसाच पडला. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, पडायच्या आधी मला जळक्या रबराचा वास येतो, आणि सगळं जग आपलंच आहे असं वाटतं. मी हादरलो! मागच्या उन्हाळ्यात सुट्टी काढली आणि वैनीला नागपूरला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. एमआरआयमध्ये कानाच्या वरच्या बाजूला मेंदूवर जुना डाग निघाला. मिरगीचाच एक प्रकार. डॉक्टर भला माणूस, हसले नाहीत. म्हणाले, "यांना जे जाणवतं ते खोटं नाही. पण पाण्यात नाहीतर चुलीवर पडल्या तर जीव जाईल. गोळी एक दिवसही चुकवायची नाही."

गोळी सुरू झाली आणि सगळं थांबलं. फक्त एकदा फोनवर म्हणाली, "बरं हाये भाऊजी. पण सुनं सुनं लागते." मला उगाच चोरी केल्यासारखं वाटलं.

यंदा रोवणीला चार दिवसांची सुट्टी घेऊन गेलो. पोहोचल्या पोहोचल्या गोळ्यांची पाकिटं तपासली. एकही चुकलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी, सकाळचे अकरा वाजले असतील. तलावाखालची आमची बांधी. वैनी धरून नऊ बाया वाकून रोवत होत्या, मी पाण्यातून फिरून रोपांच्या पेंड्या देत होतो. शेवंताकाकूची मस्करी चालूच — "सायेब, कंपनीत चिखल नाही भेटत वाटते! बगळ्यावानी पाय उचलून राहिला!"

तेवढ्यात वैनी ताठ उभी राहिली. हळूच म्हणाली, "मोहाचा वास येऊन राहिला."

गोळी चालू असताना? बाया सवयीने तिला मधे घेऊन पाळीवर चढल्या. मीही धावलो, तिला सावरायला. दोन्ही खांदे धरून उभा राहिलो. पण ती ना ताठ झाली, ना पडली.

"वैनी, चक्कर येऊन राहिली का?"

"नाही भाऊजी. मी तं ठीक हाये." नजर मात्र बांधीवरच.

"मंग आमाले काहून काढलं वो बाहेर? फोटो काढाचा होता का?" म्हणत शेवंताकाकू परत उतरायला निघाली. वैनीने तिचा पदर गच्च धरला. "थांब वो."

आणि फटाका फुटावा तसा आवाज झाला. मोटारपंपाकडे जाणारी विजेची तार तुटून बांधीत पडली. वारा नव्हता, पाऊस नव्हता. रोपांमध्ये एक बगळा उभा होता, तो उभ्याउभ्याच आडवा झाला. आम्ही दहा जण बघत राहिलो. मग एकेक बाई वैनीच्या पायावर पडू लागली.

आवाज ऐकून आलेल्या दादाने धावत जाऊन लाईन बंद करवली. घरी आल्यावर माय म्हणाली, "आजपासून गोळ्या बंद. आपणच देवीले हाकलून राहिलो होतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गोळी बंद केली तर आज ना उद्या वैनी कुठल्या तरी बांधीत पालथी सापडेल, हे मला माहीत होतं. पण त्या पाण्यात मीही होतो! "खा" म्हणायला तोंड कुठून आणू?

वैनी स्वतः उठली. पेल्यात पाणी घेतलं.

"माय, तिनं मले पाण्यातून काढलं ते जित्ती राहाले काढलं ना? मंग मी आपल्या हातानं मरू कायले?" गोळी गिळली, तोंड पुसलं. "अन् तिले यायचं असन तं ते गोळीले भेते का?"

माय उठून स्वयंपाकाला लागली.

चाकणला परतण्याआधी वैनीला पुन्हा डॉक्टरांना दाखवलं. मेंदूचा आलेख स्वच्छ आला. ते म्हणाले, तारेत ठिणग्या पडत असतील, त्याचा वास आला असेल. मी विचारलं, मग तो आम्हा नऊ जणांना का नाही आला? आणि मोहाचाच का? त्यांनी रिपोर्ट पाकिटात घालून माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "गोळी चालू ठेवा."

तेव्हापासून वास आलेला नाही. इथे चाकणला डबे बंद करताना मधेच माझे हात थांबतात. मेंदूवर डाग आहे, तो मी डोळ्यांनी पाहिला. तार पडली, तीही डोळ्यांनी पाहिली. वैनी जिवंत आहे, बाया जिवंत आहेत, मी हे लिहितो आहे... कसं, ते मला अजून कळलेलं नाही.