उडत्या फोनवर आलेला फोन

चष्म्याच्या दुकानात पुढे आरसे, दिवे आणि काउंटरवरच्या बाई. मागे पडद्याआड एक चिंचोळी खोली, आणि तिथे काचवाले काका. गिऱ्हाइकाने पसंत केलेल्या फ्रेमच्या मापाने काच घासून बसवायची, हे त्यांचं काम. मशीनवर पाण्याची बारीक धार चालू असे, खाली काचेचा पांढरा चिखल साचत जाई आणि दिवस सरे. बाई फ्रेमचा ट्रे पडद्याखालून आत सरकवत, काका तयार चष्मा तसाच बाहेर सरकवत. कधीकधी अख्ख्या दिवसात दोघांचा तेवढाच संबंध येई. बाई स्वभावाने वाईट नव्हत्या. बोलायला विषय नव्हता, इतकंच.

घरी तर तेवढाही ट्रे नव्हता. लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. आई होती तोवर संध्याकाळी दार उघडायला कोणीतरी होतं. थोरली बहीण लग्न होऊन दूरच्या शहरात गेलेली. आई गेल्यावर ताईचे फोन आधी आठवड्याला यायचे, मग महिन्याला, मग वाढदिवसाला. पुढे वाढदिवसही निसटले. भांडण असं काही झालं नव्हतं. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं.

रॉकेटचं वेड त्यांना पन्नाशी उलटल्यावर लागलं. जाड पुठ्ठ्याची नळी, पातळ प्लायवूडचे पंख, आणि छंदवाल्यांच्या दुकानातून आणलेली, दारू ठासलेली तयार मोटर. मोटर घरी बनवायच्या भानगडीत ते पडले नाहीत. रॉकेट सूंकन वर जायचं आणि ठिपका होऊन दिसेनासं व्हायचं. किती वर गेलं, कुठे पडलं, काही कळायचं नाही. काकांना ते जाणून घ्यायचं होतं.

अशात त्यांचा जुना फोन त्यांना आठवला. नवा घेतल्यापासून तो कपाटात पडून होता. पडद्याला तडा गेला होता, पण बाकी सगळं शाबूत. त्याला धक्का समजत होता, हवेचा दाब कळत होता, आपण कुठे आहोत ते ठाऊक होतं, शिवाय कॅमेरा. एवढी अक्कल असलेला प्राणी कपाटात कोंडून ठेवला म्हणून काकांना वाईटच वाटलं. रात्रीच्या जेवणानंतर टीव्ही बघायचा सोडून ते इंटरनेटवरून शिकत बसू लागले, आणि हळूहळू त्यांनी फोनसाठी एक छोटं ॲप जुळवलं. रॉकेट चढायचं थांबलं की फोनने ओळखायचं. ओळखलं की हेडफोनच्या भोकातून एक आवाज सोडायचा. त्या आवाजाच्या इशाऱ्यावर छोटीशी खिट्टी सुटायची, स्प्रिंग रॉकेटची टोपी ढकलायची आणि रॉकेटला अलगद उतरवणारी छत्री बाहेर यायची. घरात जिन्यावरून फोन वरखाली करून त्यांनी हे सगळं पुन्हापुन्हा पारखलं.

जुनं सिम त्यांनी मुद्दाम आत ठेवलं. जमिनीवर आल्यावर फोनने आपला ठावठिकाणा नव्या फोनवर मेसेजने कळवायचा होता. मध्येच कोणाचा फोन आला तर, हा विचार काही त्यांच्या मनाला शिवला नाही. त्या नंबरवर फोन यायचे केव्हाच बंद झाले होते.

रविवारी सकाळी अर्धवट सोडलेल्या इमारतींमागच्या मोकळ्या मैदानावर त्यांनी रॉकेट उभं केलं. तिथल्या रखवालदाराची परवानगी आधीच काढली होती. त्याने रॉकेटभोवती एक फेरी मारली, यात माणूस बसतो का असं विचारलं, आणि नाही म्हटल्यावर जरा निराश होऊन खुर्ची मागे सरकवून बसला.

रॉकेट सुटलं. सरळ, देखणं सुटलं. आणि ऐन वेगात असतानाच त्याची टोपी उडाली. छत्री उघडली, तिच्या दोऱ्या तटातट तुटल्या आणि बाकीचा सांगाडा कोलांट्या खात इमारतींपलीकडे गेला.

तो वाळूच्या ढिगात रुतलेला सापडला. नळी मोडली होती; फोन जिवंत होता. तडा गेलेल्या पडद्यावर लिहिलं होतं, मिस्ड कॉल, ताई.

काकांना उलगडा व्हायला वेळ लागला नाही. रिंग वाजली, तीही हेडफोनच्या भोकातून गेली, आणि खिट्टीला बिचारीला कुठला आवाज कोणाचा हे काय कळणार. ते त्या वाळूवरच बसले आणि वायर काढून त्यांनी त्याच फोनवरून ताईला फोन लावला.

"बोल," ताई म्हणाली. जसं काही कालच बोलणं झालं होतं.

"तुझा फोन आला होता."

"माझा? अरे, मग चुकून लागला असेल. पर्समध्ये दाबला जातो कधीकधी."

काकांनी पायावरची वाळू झटकली. मग त्यांनी रॉकेटचं सांगितलं, आणि सुरुवात झाल्यावर पुठ्ठ्यापासून खिट्टीपर्यंत सगळंच सांगितलं. इतकं सलग ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. ताई बसस्टॉपवर असावी. मागे गाड्यांचा गोंगाट होता. पण तिने मध्ये तोडलं नाही.

"म्हणजे माझ्या फोनमुळे तुझं रॉकेट पडलं?"

"हो."

"मग यापुढे करू नको का?"

"रविवारी सकाळी नको," काका म्हणाले. "बाकी कधीही कर."

तेवढ्यात तिची बस आली. आपला नवा नंबर मात्र काकांनी घाईघाईने सांगून टाकला.

त्या आठवड्यात तिचा फोन आला नाही. पुढच्याही नाही. मशीनच्या घरघरीत ऐकू यावा म्हणून काकांनी रिंगचा आवाज पूर्ण वाढवून ठेवला होता. एकदा वाजला तेव्हा त्यांच्या हातातली काच निसटली. समोरून कोणीतरी विम्याबद्दल बोलत होतं.

नवी नळी तयार झाल्यावर ते पुन्हा मैदानावर गेले. या वेळी फोन विमान मोडवर टाकला होता. पडल्यावर कुठे आहे ते सांगणारं आता कोणी नव्हतं. रखवालदारही सुट्टीवर होता. रॉकेट मनासारखं गेलं, अगदी टोकाला पोचून छत्री उघडली. काकांनी टाळी वाजवली, आणि मैदानात ती फारच मोठी वाटली म्हणून थांबवली. मग बराच वेळ गवत तुडवून त्यांनी रॉकेट शोधून काढलं.

घरी येऊन त्यांनी व्हिडिओ लावला. मैदान खाली खाली जात होतं. काकांची स्कूटर, तिच्याशेजारी डोळ्यांवर हात धरून उभा एक माणूस. मग त्याचा ठिपका झाला. आजूबाजूला कुठेही दुसरा ठिपका नव्हता. आपण वरून असे दिसत असू असं काकांना कधी वाटलं नव्हतं. त्यांनी तो पुन्हा पाहिला, आणि मग ताईला पाठवून दिला.

संध्याकाळी उत्तर आलं. छान आहे, पण यात तू कुठेस?

काकांनी चित्र थांबवलं, ठिपक्याभोवती लाल गोल काढला आणि पाठवलं.

"किती बारीक झालायस," ताईने लिहिलं. "जेवतोस ना नीट?"

काका मोठ्याने हसले. स्वतःचं हसू त्या खोलीत ऐकून जरा दचकलेही. त्यांनी लांबलचक काहीतरी लिहिलं, खोडलं, आणि शेवटी नुसतं "जेवतो" एवढंच पाठवलं. पलीकडून पुढे काही आलं नाही. थोड्या वेळाने ते उठले आणि एकट्यापुरतं काहीतरी गॅसवर चढवायला आत गेले.