उतारावरची खरपुडी

प्रियदर्शनी चौगुले सांगलीजवळच्या एका खेड्यात, जैन शेतकरी घरात वाढली. घरात कांदा-बटाटा येत नसे. परसातलं गवत काढायचं झालं तरी आई मुळाला हात लावू देत नसे. अशा घरातल्या मुलीनं जमिनीखालच्या कंदावर जगणाऱ्या झाडांचा अभ्यास धरला, याची घरी मोठी गंमत वाटायची. "आमी खात न्हाई, आन् ही त्येच हुडकत फिरती," असं वडील पाहुण्यांना सांगायचे.

कॉलेजात तासिकांवर शिकवता शिकवता ती पाहणीची कामं घेई. एका मे महिन्यात पाटण तालुक्यातल्या एका सड्याचं, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळाचं काम आलं. एका कंपनीला तो सडा आणि लगतचा उतार पवनचक्क्यांसाठी भाडेपट्ट्यानं हवा होता. त्याआधी तिथं दुर्मिळ प्राणी किंवा झाडं आहेत का, हे कुणीतरी बघून लिहून द्यायचं होतं. जमीन फौजेतून सुभेदार होऊन परतलेल्या लालासाहेबांची. कंपनीकडून दिग्विजय नावाचा तरुण अधिकारी बरोबर होता.

माथ्यावरचे पक्षी, सरडे तिनं टिपून घेतले. तिथं अडचण येण्यासारखं काही नव्हतं. मग ती उतारावर आली. वाळल्या गवतात तिला सुतासारखी बारीक, करपलेली काडी दिसली आणि ती खाली बसली.

"खरपुडी हाय ती," लालासाहेब म्हणाले. "ल्हानपणी उकरून खायचो. लय ग्वाड."

"खरपुडीच्या बऱ्याच जाती आहेत काका. त्यातल्या काही आता जगात फार थोड्या उरल्यात. ही कुठली, ते फुलावरून कळतं. आणि फूल येतं श्रावणात."

"श्रावणापर्यंत कोण थांबणार?" दिग्विजय म्हणाला. "खाली कंद असेल ना? काढा, बघा, विषय संपवा."

लालासाहेबांनी खुरपं पुढं केलं. तिनं ते घेतलं, काडीभोवतीची माती थोडी सारलीही. मग तिचा हात थांबला. आईची आठवण आली की शिकलेलं आठवलं, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

"नुसत्या कंदावरून खात्री होणार नाही," ती म्हणाली. "आणि दुर्मिळ निघालीच, तर ती मीच मारलेली असेल." तिनं माती परत सारखी केली.

गाडीशी आल्यावर दिग्विजय हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, 'आढळलं नाही' एवढंच लिहा. खोटं तर नाही ना ते?"

कराडला जाणाऱ्या एसटीत ती त्याच वाक्याचा विचार करत राहिली. खोटं नव्हतंच ते. पण वाचणारा त्याचा अर्थ 'तिथं काही नाही' असाच घेणार होता. तिनं लिहून दिलं, की उतारावर काय आहे ते पावसाळ्याशिवाय सांगता येणार नाही. कंपनीनं ते काम दुसऱ्याला दिलं, आणि तिला पुन्हा बोलावलं नाही.

पाऊस सुरू झाल्यावर लालासाहेबांचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या जागी एकजण यिऊन गेला. उताराकडं फिरकला बी न्हाई. आमच्यातच जेवला आन् 'काय न्हाई' म्हणून लिवून दिलं."

"मग तुम्ही सही केलीत?"

"न्हाई. न बघता लिवणारा ज्यांला चालतो, त्यांनी करारात काय लिवलं आसंल, कुणाला ठावं? शेजारच्या भाऊसोनं दिली जमीन. आमच्या घरात बोलत न्हाईत माज्याशी. तुमी या श्रावणात."

ती गेली. माथ्यावर धुकं होतं आणि पाऊस तिरका झोडपत होता. दोघं उतारावर वाकून वाकून गवत चाळत राहिले. दुपारकडं तिला सापडलं. बोटाच्या पेराएवढं फूल, खाली फुगीर नळी, वर पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटलेली, छोट्या कंदिलासारखं. जवळपास आणखी काही होती. जात दुर्मिळच होती.

लालासाहेब गुडघे टेकून बघत राहिले.

"येवढंसं? ह्येच्यासाठी मी भाडं सोडलं व्हय?"

तिनं फुलाभोवतीचं गवत हातानं बाजूला धरलं.

ते आणखी खाली वाकून म्हणाले, "इतकी खाल्ली, पर फूल कवा बघितलंच नव्हतं. यायच्या आदीच उकरायचो की."

दिवाळीनंतर कंपनी पुन्हा आली. लालासाहेबांनी सडा दिला, उतार दिला नाही. भाडं कमी ठरलं. त्यांच्या पत्नी विजयमाला प्रियदर्शनीला तोंडावर म्हणाल्या, "तुमचं फूल आमाला लय म्हाग पडलं बाई." तरी जेवल्याशिवाय सोडलं नाही.

आता माथ्यावर पवनचक्क्या फिरतात. प्रियदर्शनी दर श्रावणात उतारावर जाते. काही वर्षी फुलं बरी असतात, काही वर्षी शोधावी लागतात. परतताना भाऊसोंच्या जमिनीतून काढलेला रस्ता लागतो. डोंगर उभा कापलेला, लाल माती उघडी पडलेली. ती तिथं थोडी रेंगाळते. हा उतारही लालासाहेबांच्या उतारासारखाच होता, मातीही तशीच. पण तिथं काय होतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.