हिराजींना बोलावणं

माझ्या सासूबाई ठमाबाई नागावच्या धवलारीण. आमच्या आगरी लग्नात भटजींच्या आधी धवलारणीचा मान. ती धवळे गाऊन आधी देवांना मांडवात बोलावते, मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. अख्ख्या अष्टागरातल्या गावोगावचे मेलेले सासूबाईंनी बोलावले, पण स्वतःच्या नवऱ्याला कधी नावाने हाक मारली नाही. उखाण्यातसुद्धा 'मृणालीचे आजोबा' म्हणून वेळ मारून न्यायच्या.

सासरे हिराजी ट्रक चालवायचे. वादळात वाडीतल्या नारळी आडव्या झाल्या, त्याच वर्षी ते गेले. त्यानंतर म्हातारीने एकच धरून ठेवलं, मृणालीचं, म्हणजे माझ्या लेकीचं लग्न. "त्या मांडवात मी त्यांना नाव घेऊन बोलवीन," म्हणायच्या. "गान्यात नाव घेतला त चालतं."

घसा दुखायला लागला तो ऐन लग्नसराईत. लग्नसराईत धवलारणीचा घसा दुखायचाच, त्यात कोणाला काय नवल! हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झालं. मानेवर गाठ आली ती पदराखाली गेली. मी भांडले, तर म्हणे, "लोकांचा विडा घेतलाय, आता मधीच सोडू?" लग्नं उरकली तोवर टॉन्सिलचा कॅन्सर मानेच्या दोन्ही बाजूंच्या गाठींत पोचला होता.

मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला नीट बसवून सांगितलं. आजार पुढे गेलाय, गाठी दोन्हीकडे आहेत, जन्मभर मिश्री लावलीय, वयही झालंय, ही सगळी वाईट बाजू. एक चांगली बाजू आहे. गाठीत एका विषाणूची खूण सापडलीय. या विषाणूमुळे झालेला कॅन्सर औषधाला आणि किरणांना लवकर दबतो. मिश्री नसती तर मी आणखी छातीठोक बोलले असते, म्हणाल्या.

"हा आला कुठून?" मी विचारलं.

"जोडीदाराकडून येतो बहुधा. कधी आला, कोणाकडून आला, ते आता कोणी सांगू शकत नाही. बहुतेकांच्या अंगातून आपोआप निघून जातो, काहींच्या राहतो. यात कोणाला दोष देऊ नका."

दोष देऊ नका म्हणे! सासऱ्यांची ट्रकवरची सगळी वर्षं माझ्या डोळ्यांपुढून गेली आणि माझं टाळकं सरकलं. सासूबाईंनी माझं तोंड बघितलं आणि चक्क हसल्या.

"इनिता, जाताना त्यांनी मना काय ठेवला? ह्यो एक किडा ठेवला. तोबी माझी बाजू घेनारा." मग डॉक्टरीणबाईंकडे वळल्या. "जगायचा ऱ्हाऊ दे. मी गाईन का, तवढा सांगा."

बाईंनी किरणांच्या तारखा लिहून दिल्या.

आजार हटला. गाठी विरल्या, तपासण्या चांगल्या आल्या, बाई खूश झाल्या. आवाज मात्र गेला तो गेलाच. तोंडात थेंबभर लाळ राहिली नाही, पाण्याची बाटली कायम हाताशी. दुपारी वाडीतल्या विहिरीकडे पाठ करून बसायच्या आणि ओठ हलवून बघायच्या. मी आतून कान देऊन ऐकायची. फुसकारा यायचा नुसता. त्या आवाजाची मला इतकी आठवण यायची, की जुन्या लग्नांचे व्हिडिओ लावावेसे वाटायचे. पण सासूबाई घरात असताना लावायची हिंमत होत नसे.

मृणालीच्या हळदीला चौलहून गोदूबाई आली, सासूबाईंच्याच हाताखाली शिकलेली. सासूबाई मांडवात खुर्चीवर बसल्या, शेजारच्या खुर्चीवर पाण्याची बाटली. गोदूबाईने देव बोलावले. घरातली माणसं बोलावली, पणजोबा, पणजी, चुलत आजे. हिराजींच्या नावापाशी ती थांबली. तसं आधीच ठरलं होतं.

सासूबाईंनी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, बाटली परत खुर्चीवर ठेवली आणि पुन्हा प्रयत्न केला. नाहीच. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. गोदूबाई हळूच म्हणाली, "आय, मी घेऊ नाव?"

त्यांनी हाताने तिला गप्प केलं. गाण्याचा नाद सोडला आणि वाडीतल्या माणसाला जेवायला हाक मारावी तशी, फाटक्या आवाजात, साधी हाक मारली.

"हिराजी, या. नातीचा लगीन हाय."

मग शेजारच्या खुर्चीवरची बाटली उचलून त्यांनी मांडीवर घेतली आणि खुर्ची मोकळी केली.