मिस्त्रींचा तळहात

आमचे हे स्नूकरची टेबलं बसवतात. एकतीस वर्षं झाली. "खेळतात का हो?" असं कुणी विचारलं, की मी सांगते, काठी हातात दिली तर वरचा दिवा फोडतील. पण टेबल बसवावं ते त्यांनीच. दगडाच्या पाच जड फरशा जुळवायच्या, त्यांवर हिरवं लोकरी कापड ताणून बसवायचं, सपाटी बघायची, रोज सकाळी ब्रश मारून इस्त्री करायची. मोठ्या स्पर्धांत सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात.

ह्या कापडाला लव असते. खेळ सुरू होतो त्या टोकाकडून काळ्या चेंडूच्या टोकाकडे ती झोपलेली हवी. उलटी बसली की हळू मारलेला चेंडू वाट सोडतो. कापडामागे दिशेचा बाण छापलेला असतो, पण ह्यांनी जन्मात त्याच्याकडे बघितलं नाही. "छापणारा पेंगत असला तर?" म्हणायचे आणि तळहात फिरवायचे. तळहात सांगेल ते खरं.

आणि तोच तळहात आठ महिन्यांपासून बधिर! मनगटातली नस दबलीय, ऑपरेशन करून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. ह्यांनी त्यांच्यासमोर मान डोलावली आणि बाहेर येऊन मला शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. मिस्त्रीचा हात गेला हे कळलं की काम गेलंच म्हणून समजा. मी शिवणकाम करते, दिवसभर बायकांची ये-जा, आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. तरी आठ महिने गप्प राहिले. कशी राहिले ते माझं मला माहीत.

परवाच्या स्पर्धेला मी हट्टाने गेले. रँकिंगची स्पर्धा होती ती. म्हणजे इथे जिंकाल तसा तुमचा क्रमांक वर चढतो, आणि फारच तळाला गेलात तर पुढच्या वर्षी व्यावसायिक खेळातून बाहेर. वाटेत हे हळूच म्हणाले, "ह्या वेळी बाणावर विश्वास ठेवलाय गं. हाताला काही कळेचना." झालं! मी पहिल्या रांगेतली खुर्ची धरली आणि कापडावरची नजर हलवली नाही.

सामन्यात एक डावखुरा खेळाडू होता, अगदी तळाच्या काठावर लटकलेला. तिसऱ्या फ्रेममध्ये, म्हणजे तिसऱ्या डावात, त्याने हळू मारलेला पांढरा चेंडू शेवटी वाकला. चौथ्या फ्रेममध्ये पुन्हा तेच. बोंबला, म्हटलं मी मनात. चार फ्रेमनंतर पंधरा मिनिटांची सुट्टी असते. सगळे चहाला उठले आणि डावखुरा तरातरा स्पर्धेच्या प्रमुखाकडे गेला. "टेबल चुकलंय, माझं वर्ष वाया जाईल!" एवढं मलाही ऐकू आलं.

प्रमुख ह्यांच्यापाशी आला. "मिस्त्री, खरं सांगा. कापड उलटं बसलंय का? तसं असेल तर सामना थांबेल, आणि पुढच्या वेळी आम्हाला दुसरा माणूस बघावा लागेल."

ह्यांनी कापडावर तळहात टेकवला आणि तसाच उचलला. मी टेबलाभोवतीच्या दोरीपर्यंत पुढे गेलेच होते. मला बघून म्हणाले, "अगं, इकडे ये. हात फिरव."

"ह्या कोण?" प्रमुख.

"माझी बायको. तीस वर्षं मखमल शिवतेय."

मी साडीला हात पुसले आणि तळहात टेबलावरून नेला. काळ्याच्या टोकाकडे जाताना गुळगुळीत, परत येताना खरखर. पुन्हा एकदा नेला. "कापड बरोबर आहे," मी म्हटलं, आणि माझा अर्धा जीव भांड्यात पडला.

मग ह्यांनी काचेच्या नळीत बुडबुडा असलेली सपाटीची पट्टी ठेवली. बुडबुडा बरोब्बर मधोमध. "मग काय, खेळाडू खोटं बोलतोय?" प्रमुख वैतागला. हे रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिले. खुर्च्या होत्या सगळ्या एकाच बाजूला, आणि खाली स्पर्धेपुरती टाकलेली लाकडी जमीन.

"साहेब, लोकांना परत बसवा."

"काय?"

"हॉल रिकामा असताना मी टेबल सपाट केलं. माणसं बसली की त्या बाजूची जमीन दबते. आत्ता सगळे उठलेत म्हणून पट्टीला काही दिसत नाही."

भोंग्यावरून सांगितलं गेलं. लोक कुरकुरत परतले. एक जाडगेले गृहस्थ माझ्यावरच डाफरले, "अहो बाई, चहा तरी पिऊ द्या!" म्हटलं, "कप घेऊन बसा, काका. तुमचं वजन हवंय."

हॉल भरला आणि बुडबुडा केसभर सरकला. हे पाना घेऊन टेबलाखाली उताणे झोपले, पायांचे स्क्रू फिरवू लागले. बधिर हातातून पाना दोनदा पडला. वरून मी सांगत होते, "थोडं... अजून... बास!" डावखुऱ्याने स्वतः पांढरा चेंडू हळूच सोडला. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेला. तो हसला.

प्रमुखाने ह्यांच्या पाठीवर थाप मारली. "मिस्त्री, तुमच्या हाताला तोड नाही! पुढची स्पर्धा तुमचीच."

आता हे गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण हे म्हणाले, "साहेब, हा हात आठ महिने बधिर आहे. कापड हिने तपासलं, तुम्ही बघितलंत. हात बरा होईपर्यंत हिला बरोबर आणू द्या, नाहीतर खुशाल दुसरा माणूस बघा."

प्रमुखाने तो हात उलटसुलट करून बघितला. मग म्हणाला, "आधी ऑपरेशनची तारीख घ्या. आणि वहिनींना स्पर्धेचं ओळखपत्र करून देतो."

मी समोरच्या खुर्चीत बसले आणि भरल्या हॉलमध्ये घळाघळा रडले.

"अगं, काम टिकलं ना आपलं? रडतेस काय?"

"खड्ड्यात गेलं ते काम! सुटले मी एकदाची!"

डावखुरा जिंकला की हरला, मला विचारू नका. मी बघितलंच नाही. घरी जाताना हे म्हणाले, "मला त्या ऑपरेशनची भीती वाटते गं."

म्हटलं, "वाटू दे. सांगितलंत, तेवढं बास झालं मला."